बाहुलीला दोन तारा

आमच्याकडे बाईच्या नावावर जमीन घेतात ती काही बाईवर फार जीव आहे म्हणून नव्हे. बाईच्या नावानं खरेदीखत केलं की मुद्रांकात सवलत मिळते, कर्जाच्या व्याजातही थोडं काही सुटतं. राहुरीच्या रस्त्याला लागून असलेला आमचा तुकडा असाच माझ्या नावावर झाला. त्या दिवशी मला निबंधकाच्या कचेरीत नेलं आणि कॅमेऱ्यासमोर बसवलं. अंगठा लावा म्हणाले, लावला. सही करा म्हणाले, केली. बाहेर आल्यावर धाकट्या दिरांनी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. "वहिनी, आता तुमी मालकीण," असं म्हणून ते हसले, त्यांच्या मागोमाग माझे यजमान हसले, आणि भेळेत चिंच जास्त झालीये असं म्हणत मीही हसले.

मालकीण म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. सावेडीत मी डब्यांचं स्वयंपाकघर चालवते. हाताखाली बायका आहेत, मोठ्या शेगड्या आहेत, सिलिंडरांची रांग आहे. तिथे माझा शब्द चालतो. पदर खोचल्याशिवाय कुणी शेगडीजवळ उभी राहिलेली मला चालत नाही. फरशी ओली दिसली की आधी ती पुसायची, मग पोळ्यांचं बघायचं. गॅसची नळी जरा कडक वाटली तरी मी ती काढून फेकते. माझ्या बायका माझ्या पाठीमागे मला हवालदार म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणू देत. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात कुणाचा हातसुद्धा भाजलेला नाही, याचा मला तोरा होता आणि अजूनही आहे.

पण राहुरीच्या रस्त्यावरच्या त्या तुकड्यावर मात्र मी मालकीण होते ती नावापुरतीच. घरोघर माल पोचवणाऱ्या एका कंपनीला तिथे भाड्यानं गोदाम हवं होतं. दीर देवळाली प्रवऱ्याला असतात, ऊस करतात. सगळी धावपळ त्यांनी केली. नकाशा, परवानगी, कर्ज, ठेकेदार, सगळं. मला फक्त सह्यांपुरतं बोलावत. ते कधी कागद घेऊन सावेडीला येत, मी पिठाचे हात पुसून बाहेर येई, ते बोट ठेवतील तिथे सही करी आणि परत कढईकडे वळे. यजमान नोकरीत गुंतलेले. त्यांना धाकट्या भावावर पूर्ण भरवसा, आणि तो गैर होता असं मी आजही म्हणणार नाही. दीर चोर नाहीत. घाईचे आहेत.

पाडव्याला कंपनीच्या हातात किल्ल्या द्यायच्या असं ठरलं होतं. पाडवा म्हणजे दिवाळीचा. पाऊस लांबला, काम रेंगाळलं आणि मग एकदम सुसाट निघालं. दिरांचा फोन आला, "वहिनी, पत्रं चढायला लागल्यात." आमच्या घरात जुनी पद्धत आहे. घर असो, गोठा असो, वर छप्पर चढतं त्या दिवशी काम करणाऱ्यांना मालकाच्या घरचं गोडाचं जेवण. बाजारचं चालत नाही. मी पहाटे पुरण शिजत घातलं, पोळ्या केल्या, कटाची आमटी केली, कुरडया तळल्या, दूध-तूप घेतलं आणि डब्यांच्या टेम्पोत सगळं भरून जेवणाच्या वेळेआधी साइटवर पोचले. भूमिपूजनाचा नारळ फोडल्यानंतर मी तिथे पहिल्यांदाच जात होते.

लांबूनच तो सांगाडा दिसला आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. एवढं मोठं काही आपल्या नावावर आहे! लोखंडी खांब, त्यांवर छप्पर पेलणाऱ्या तिकोनी कैच्या, अर्ध्या भागावर निळे पत्रे लागलेले. पुढच्या खांबाला काळी बाहुली उलटी टांगलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक बांधकामाला टांगतात. मी जवळ जाऊन पाहिलं तर ती दोन ठिकाणी तारेनं आवळून बांधली होती, पक्कडीनं पिळा मारून. वाऱ्यानं पडू नये म्हणून.

मग मी वर पाहिलं.

वर माणसं चालत होती. पत्रे ज्यांवर ठोकतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, हाताच्या तळव्याएवढ्या रुंद. त्यांवरून, पायांत स्लिपर घालून, खांद्यावर पत्रा घेऊन. अंगावर दोर नाही, खाली जाळी नाही, डोक्यावर काही नाही. एकजण तर चालता चालता मोबाइलवर बोलत होता. मी टेम्पोच्या फळक्याला धरून उभी राहिले. एवढ्या मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की सगळा रस्ता गोळा व्हावा, पण ओरडले तर वरचा दचकेल अशी भीती वाटली. म्हणून तोंडावर पदर धरला. बाहुलीला दोन तारा आहेत आणि माणसाला एकही नाही, एवढं एकच डोक्यात फिरत राहिलं.

दीर समोरून हसत आले. "आला का वहिनी? वास तर लई झकास येतोय."

"भाऊजी, ही माणसं अशी कशी काय चढलीत?"

"सवय हाय त्यांना. माकडागत पळत्यात वर." आणि ते पातेली उतरवून घ्यायला गेले.

खाली एक बाई उभी होती. पाथर्डीकडची, तिशीतली. दोराला पत्रे बांधून वर पाठवायचं काम ती करत होती. तिचा नवरा वरच्या माणसांत होता. मी तिला विचारलं, तुझा कुठला? तिनं मान वर न करता म्हटलं, "लाल शर्टवाला." मी पाहिलं. लाल शर्टवाला पत्र्यांवरून आमच्या बाजूला येत होता. निळ्या पत्र्यांत मधे मधे उजेडासाठी फायबरचे पत्रे बसवलेले असतात. ते खालून दुधी दिसतात, पण वरून धूळ बसली की इतरांसारखेच दिसतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की काहीतरी कडाडलं आणि छतातून दोन पाय खाली आले.

मी ते कसं सांगू! छतातून दोन पाय. एका पायात स्लिपर, एक पाय अनवाणी, आणि ते पाय हवेत आधार शोधत होते. दुसरी स्लिपर आमटीच्या पातेल्याशेजारी येऊन पडली. काखेपर्यंत तो आत गेला होता आणि दोन्ही हात पसरल्यामुळे तेवढ्यावर अडकला होता. सगळे ओरडायला लागले. दीर ओरडले, ठेकेदार कुठून तरी धावत आला आणि ओरडला, मी ओरडले की नाही मला आठवत नाही. त्याची बायको तेवढी गप्प होती, आणि तिनं वर पाहिलंच नाही. ती जमिनीकडे बघत होती. पुढे झाली, वाकली, आणि खाली पडलेल्या दोन-तीन सळया तिनं ओढून बाजूला केल्या. मला त्या वेळी वाटलं की बाईला वेड लागलं.

वरच्यांनी पोटावर सरपटत जाऊन त्याला बखोटीला धरून ओढून घेतलं. थोड्या वेळानं तो शिडीवरून उतरला. काखेत आणि छातीवर फायबरनं ओरबाडलं होतं, रक्त होतं, शर्ट मुळातच लाल म्हणून ते पटकन दिसत नव्हतं. खाली आल्यावर तो हसला. "वाचलो," म्हणाला. मग सगळेच हसले. कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली. ठेकेदार म्हणाला, "चला, देवानंच वाचिवला. आता जेवून घ्या, लगेच लागायचंय परत."

आणि ते जेवायला बसले. खरंच सांगते, मला त्या पडण्याइतकाच या बसण्याचा धक्का बसला. पंगत मांडली, पत्रावळ्या टाकल्या, "तूप वाढा की मावशी," असं कुणीतरी म्हणालं. मी वाढायला लागले तर तूप पत्रावळीबाहेर सांडायला लागलं. लाल शर्टवाल्यानं पोळीचा घास मोडला आणि तो त्याच्या हातातून पडला. त्यानं उचलला, परत पडला. मग तो हात मांडीखाली दाबून बसून राहिला, आणि शेजारच्यानं त्याच्याकडे न बघता त्याची पोळी कुस्करून दुधात कालवून दिली. तेव्हा मला कळलं की हसले ते आनंदानं नव्हतेच हसले.

मी त्याच्या बायकोजवळ जाऊन बसले. रागच आला होता मला तिचा. म्हटलं, "अगं, नवरा वर लोंबकळतोय आणि तू वर साधं बघितलं पण नाहीस?"

ती कुरडई मोडत म्हणाली, "वर बघून काय करू मावशी? पडला असता तर खालीच आला असता ना. खाली सळया हुत्या."

ती पुढे म्हणाली, "म्या कदीच वर बघत न्हाई. लगीन झाल्यापासनं यांना वर काम करताना बघितलंच न्हाई म्या. बघितलं की हात चालत न्हाईत. म्हून खालची जागा तेवढी मोकळी ठिवायची."

मी उठले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कुणावर तरी काढायला हवी होती. ठेकेदार समोर होता, त्याला धरला. उंचावर काम करताना अंगाला बांधायचे पट्टे का नाहीत म्हणून विचारलं. तो म्हणाला, "हायेत की काकू," आणि त्यानं मला साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन दाखवलं. पट्टे होते. नवे कोरे, प्लास्टिकच्या पिशव्यांत, हेल्मेटांच्या शेजारी खुंट्यांना टांगलेले. कंपनीची मंडळी बघायला येतात तेव्हा फोटोपुरते बाहेर काढायचे. "पन पट्टा घालून अडकवायचा कशात? त्याला वर आडवा दोर ताणून बांधाया लागतो. जाळी लावाया लागती. त्यात लई दिवस जात्यात. आन भाऊंना तर पाडव्याला किल्ल्या द्यायच्यात."

मी दिरांकडे पाहिलं. दीर म्हणाले, "वहिनी, आपन ठेकेदाराला सगळ्या कामाचं गुत्तं देऊन टाकलंय. त्यात सगळं आलं. जबाबदारी त्याची."

ठेकेदार म्हणाला, "पत्र्याचं काम मी मुकादमाला दिलंय. मानसं त्याची हायेत."

मुकादम तोंड पुसत म्हणाला, "मानसं आपापल्या जबाबदारीवर चढत्यात. आमी काय बळं चढवतो का?"

तिघंही अगदी शांतपणे बोलत होते. कुणी खोटं बोलतोय असंही वाटत नव्हतं. लाल शर्टवाल्याचा जीव एकानं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे सरकवला आणि शेवटी तो त्याच्याच पदरात परत टाकला. माझ्या स्वयंपाकघरात एखादी पोळीवाली भाजली तर मी असं म्हणू शकेन का, की बाई, तू तुझ्या जबाबदारीवर लाटत होतीस?

मला एक गृहस्थ आठवले. कामगार खात्यातून निवृत्त झालेले, सावेडीत एकटे राहतात, माझ्याकडून डबा घेतात. भाजीत मीठ जरा कमी झालं तरी फोन करणारे. मी आडोशाला जाऊन त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. माझी अपेक्षा अशी की ते ठेकेदाराच्या नावानं खडे फोडतील. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, "बांधकामाची परवानगी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. पण ते आपलं नुसतं..."

"ठेकेदाराशी करार कुणी केलाय?"

"सही माझी आहे. पण बघतात सगळं दीर."

"अमुक दिवशी काम पुरं झालंच पाहिजे असं करारात आहे?"

"आहे म्हणे. पाडव्याला."

ते म्हणाले, "बाई, मालक तुम्ही आहात. गुत्तं दिलं की काम दुसऱ्याकडे जातं, जबाबदारी सगळी जात नाही. ज्याच्यासाठी बांधकाम चाललंय त्यानं ते सुरू करण्याआधी सरकारी कचेरीत कळवायचं असतं. ज्याला काम देतो त्याला ते धडपणे करता येतं का, त्याच्याकडे उंचीवरच्या कामाची साधनं आहेत का, ती वापरली जातात का, ते बघायचं असतं. पुरेसा वेळ द्यायचा असतो. ठेकेदारानं जखमी माणसाची भरपाई बुडवली तर ती मालकाच्या गळ्यात येते. कायदे आता एकत्र करून नव्यानं मांडलेत, कलमांचे आकडे बदललेत, पण हे काही बदललेलं नाही. तुम्ही कचेरीत कळवलं होतं का?"

मला कचेरी म्हणजे कुठली हेच माहीत नव्हतं. मी टेम्पोच्या चाकाशी मातीत बसले. अंगावरची साडी चांगली होती, तिचंही भान राहिलं नाही. म्हणजे तो माणूस पडला असता तर त्याला मारणाऱ्यांत माझं नाव पहिलं आलं असतं. भेळ खाऊन, हसत हसत, मी हे घेतलं होतं! आणि मला कुणी, अगदी कुणीही, हे सांगितलं नव्हतं. सवलत मिळते हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. सवलतीबरोबर काय येतं ते एकालाही माहीत नव्हतं.

"ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला. "तो माणूस आता कुठे आहे? परत वर जाणार आहे का?"

मी मान वळवून पाहिलं. लाल शर्टवाला हात धूत होता. त्याची बायको त्याची स्लिपर त्याच्या पायाशी ठेवत होती.

"जाणार आहे," मी म्हणाले.

"मग आत्ता तिथून हलू नका. मालकाला काम थांबवता येतं. ते थांबवायला तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही."

मी उठले, आमटीचं रिकामं पातेलं उचललं, शिडीच्या पायाशी ते पालथं घातलं आणि त्यावर बसले. याहून शहाणपणाचं काही त्या क्षणी सुचलं नाही. शिडीच्या दोन्ही पायांना मी हातांनी धरलं. माणसं जेवून आली ती समोर थबकली.

"मावशी, सरा की जरा."

"काम बंद," मी म्हणाले.

आधी कुणाला ते कळलंच नाही. मग ठेकेदार हसला, त्यानं दिरांकडे पाहिलं. दीर खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, उठा. मानसं बघत्यात. काय झालं न्हाई ना त्याला? मग कशाला लई मनावर घेता?"

"काय झालं नाही म्हणजे? तो वरून खाली आला असता भाऊजी! माझ्या पोळीचा वास नाकात घेऊन मेला असता!"

"पाडवा तोंडावर आलाय. कंपनी करार मोडंल. बँकेचा हप्ता कुनी भरायचा? तुमी?"

"कर्ज कुणाच्या नावावर आहे?"

दीर ठेकेदाराकडे बघायला लागले.

"जमीन कुणाची? परवानगी कुणाची? करारावर सही कुणाची? तुम्हीच सांगितलं होतं ना, वहिनी, आता तुम्ही मालकीण? मग मालकीण सांगतेय. दोर आणि जाळी बांधल्याशिवाय कुणी वर जाणार नाही."

दिरांनी रागानं फोन काढला आणि यजमानांना लावून माझ्या कानाशी धरला. यजमान म्हणाले, "अगं, काय तमाशा लावलायस? उठ तिथून, घरी ये, आपण बोलू." मी म्हटलं, "तुम्ही इकडे या, आपण इथे बोलू." आणि फोन दिरांच्या हातात परत दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं पुष्कळ झाली, पण चारचौघांत त्यांना असं मी कधी बोलले नव्हते.

खरा घाव मात्र दुसरीकडूनच बसला. लाल शर्टवाल्याची बायको पुढे आली आणि माझ्यावरच उखडली. "तुमचं बरं हाय मावशी. तुमी काम बंद करून गाडीत बसून जाताल. आमी खायाचं काय? दिवाळी हाय. रोज बुडला की आमचा दिवस बुडतो." तिचे डोळे भरले होते. नवरा छतात लोंबकळत असताना न भरलेले डोळे आता रोज बुडणार म्हणून भरले होते. मला तिच्यापुढे लाजच वाटली. मी म्हटलं, "जितके दिवस काम बंद, तितके दिवस सगळ्यांचा रोज मी देईन. माझ्या डब्यांच्या पैशांतून. आणि डबाही येईल." तिचा विश्वास बसला नाही. ती तशीच उभी राहिली. शेवटी तिच्या नवऱ्यानंच स्लिपर काढली आणि सावलीत जाऊन बसला. त्याच्यामागे एकेक करून बाकीचे बसले.

यजमान आले तेव्हाही मी पातेल्यावरच होते. त्यांनी छताचं ते भोक पाहिलं. मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग गाडीतून पाण्याची बाटली आणून त्यांनी माझ्या हातात दिली. तेवढं मला पुरलं.

पुढचे दिवस धावपळीत गेले. कबूल केल्याप्रमाणे माणसांचा रोज आणि डबे मी साइटवर पोचवत होते. निवृत्त गृहस्थ माझ्याबरोबर कचेरीत आले, आधी द्यायला हवी होती ती माहिती उशिरा दिली, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. कंपनीत गोदामाचं बघणाऱ्या बाईंना मी स्वतः फोन केला आणि मुदत मागितली. त्यांनी नाक मुरडलं, पण दिली. करार मोडला नाही, आकाशही कोसळलं नाही. वाढीव मुदत मागून बघावी असं एवढ्या दिवसांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. ठेकेदार कुरकुरला, पण जाळीचा आणि दोरांचा वेगळा खर्च आम्ही मान्य केल्यावर त्यानं तेच काम करणारा माणूस आणला.

या सगळ्यात एका रविवारी दीर सावेडीला जेवायला आले. जेवण झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. यजमानांनी वर्तमानपत्र उघडलं, तेव्हाच मी ओळखलं की या दोघांचं आधी बोलून झालंय. दीर म्हणाले, "वहिनी, आमी काय म्हनतो, ते गोदाम तुमच्या नावावरून काढून घेऊ. माझ्या नावावर करू. तुमाला कशाला हा ताप? कचेऱ्या, कायदे, उद्या काय झालं तर तुमाला कोर्टात वढतील."

ते मनापासून बोलत होते, म्हणून तर मी आणखी चकित झाले. नुसतं नाव होतं तोवर ते माझ्यापाशी सुखात नांदत होतं. मी मालकिणीसारखी वागल्याबरोबर ते काढून घ्यायची सगळ्यांना काळजी वाटायला लागली होती.

"राहू द्या," मी म्हटलं. "सवलत घेताना मी मालकीण होते ना? मग तापाला पण मीच." आणि मी उठून ताटं उचलली. दिरांनी तो विषय परत काढला नाही. यजमानांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मला वाटलं ते चिडलेत, पण ते माझ्यामागे आत आले आणि ताटं विसळायला लागले.

काम परत सुरू झालं त्या दिवशी मी पुन्हा गेले. पुरण नव्हतं, साधे डबे होते. सांगाड्याच्या पोटात हिरवी जाळी ताणून बांधली होती. वर लोखंडी दोर ताणलेले होते. फायबरच्या पत्र्यांवर जाड फळ्या टाकून त्यांच्या कडा लाल रंगानं रंगवल्या होत्या. पुढच्या खांबावर बाहुली होती तशीच लटकत होती. तिला कुणी हात लावला नव्हता, मीही लावला नाही.

लाल शर्टवाला आज निळ्या शर्टात होता. पट्ट्यामुळे तो अवघडला होता, खाली उभ्या असलेल्या सोबत्यांनी त्याला जुंपलेला बैल म्हणून चिडवलं. तो शिडी चढला, वर पोचला, पट्ट्याचा हूक त्यानं दोरात अडकवला आणि एकदा मागे झुकून ओढून पाहिला. दोर ताणला आणि त्यानं त्याला धरून ठेवलं.

त्याची बायको माझ्या शेजारी पत्र्याला दोर बांधत होती, नेहमीसारखी, मान खाली घालून. पत्रा वर गेला. ड्रिलचा आवाज सुरू झाला. तिनं हात झटकले, पदरानं तोंड पुसलं. मग तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या हिरव्या जाळीकडे पाहिलं, आणि सावकाश, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून, मान वर केली.

बराच वेळ ती तशीच उभी होती.

"अवो!" ती एकदम ओरडली. "डावीकडचा एक बोल्ट ऱ्हायला की तुमचा!"

वरून त्यानं वाकून खाली पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. मग तो डावीकडे सरकला आणि राहिलेला बोल्ट आवळायला लागला.